लग्नपत्रिकांची एबीसीडी

गिरणीवाल्या मामांचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. "बाई, तुमची पत्र्याची ट्रंक हाय बगा आमच्या माळ्यावर. पोरगं म्हनतंय भंगारात घालतो. म्या म्हनलं थांब, बाईस्नी इचारतो." मी म्हटलं, घालू नका, येते मी. मेथी ताटात तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी स्टँडवर जाऊन लोहाऱ्याची एसटी धरली. मी राहते त्या गावाचं नाव उस्मानाबादचं धाराशिव झालं, पाट्या बदलल्या, पण माझी जीभ अजून कंडक्टरसमोर अडखळते. सगळंच उशिरा वळतं मला.

मामांची गिरणी आता बंद आहे. पट्टा काढून भिंतीला टांगलाय. त्या गिरणीच्या मागच्या दोन पत्र्याच्या खोल्यांत आमची नर्सरी भरायची. पुढं ज्वारी दळली जायची, मागं आम्ही एबीसीडी दळायचो. गिरणीचा आवाज एवढा, की लेकरं ओरडूनच बोलायला शिकली. लाइट गेली की गिरणी थांबायची आणि चाळीस लेकरं आपलाच आवाज ऐकून दचकून गप्प व्हायची. खिडकीच्या फळीवर रोज पिठाचा थर बसायचा. त्यात कुणीतरी बोटानं ए काढलेला असायचा, आणि पुसू नका म्हणून माझ्याकडं डोळे लावून बसलेलं असायचं. घरी गेलं की माझ्या केसांनाही पिठाचा वास. नवरा म्हणायचा, शाळेतून आलीस की दळणाहून?

मामांनी ट्रंक खाली काढून ठेवली होती. कडी गंजलेली. त्यांनी उलथन्यानं ठोकली तेव्हा कुठं उघडली, आणि आत, वर्तमानपत्राच्या कागदावर, माझी कार्डं.

ती कार्डं म्हणजे लग्नपत्रिका होत्या. नर्सरीला तक्ता एकच होता, तोही मोठ्या एबीसीडीचा. बारकी एबीसीडी शिकवायची तर हातात घेता येईल असं काहीतरी हवं होतं. उन्हाळ्यात प्रत्येक घरी पत्रिकांचा ढीग पडतो आणि देवाच्या नावाची म्हणून कुणी फेकत नाही. मी सव्वीस घरं फिरले. घरटी एक पत्रिका मागून आणली. मधोमध कापली, दोन पानं झाली. छापलेली बाजू मागं ठेवून पुढच्या बाजूला पिठाच्या खळीनं पांढरा कागद डकवला. एका पानावर मोठं अक्षर, दुसऱ्या पानावर त्याचंच बारकं. एका पत्रिकेची एक जोडी. किराणा दुकानातल्या पत्रिकेला हिंगाचा वास होता. कंपाउंडरच्या घरच्या पत्रिकेला दवाखान्याचा. हिरव्या पत्रिकेला अत्तराचा, आणि एका घरची पत्रिका तर चुलीपाशीच खोचलेली होती, तिला धुराचा. तेव्हा हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. मला फक्त कागद जाड आहे ना, एवढंच बघायचं होतं.

मी स्वतः इंग्रजी पाचवीत शिकले. आमचे गुरुजी मोठ्या अक्षरांना पहिली लिपी म्हणायचे आणि बारक्यांना दुसरी. पहिली लिपी मला आठवड्यात आली. दुसरीतल्या बी आणि डीचं पोट पुढं की मागं, यात मी बी.ए. होईपर्यंत गोंधळत होते. हे मी आमच्या मोठ्या मॅडमना कधी कळू दिलं नाही. नर्सरी त्यांची, तिथं शेवटचा शब्दही त्यांचाच. ए फॉर ॲपलचं चित्र मी पहिल्यांदा दाखवलं तेव्हा पुढं बसलेल्या पोरीनं काळजीनं विचारलं होतं, "बाई, कोन आजारी हाय?" सफरचंद म्हणजे दवाखान्यात न्यायची वस्तू, एवढंच तिला माहीत. मी हसले आणि शिकवत राहिले.

एक विद्या मात्र माझी स्वतःची होती. नवीन आलेली लेकरं दोन तऱ्हेची असतात. एक भोकाड पसरणारी. त्यांची चिंता नसते, ती दुपारपर्यंत डबा खाऊन झोपतात. दुसरी रडत नाहीत. ओठ दाबून, एका हाताची मूठ घट्ट आवळून बसतात. सगळं रडू त्या मुठीत धरलेलं असतं. अशा लेकराजवळ मी बसायची, करंगळीपासून एकेक बोट सोडवायची आणि तळहातावर एक फुटाणा ठेवायची. मूठ उघडली की रडू बाहेर यायचं, आणि रडू बाहेर आलं की ते लेकरू शाळेचं व्हायचं. फुटाण्यांची डबी माझ्या पर्समध्ये कायम असायची. अजून असते.

गिरजा दसऱ्यानंतर मधेच आली. तिचा बाप बिरू मेंढपाळ. मामांच्या शेतात त्याची मेंढरं बसवली होती, खतासाठी. मामांनीच मॅडमकडं शब्द टाकला. बिरूनं काठी गिरणीच्या दाराशी टेकवली, वहाणा बाहेर काढल्या आणि खाली बघत बोलला.

"बाई, पाडव्यापतुर आमी हितंच हाव. लेकरू हुशार हाय. टिकलं, वरच्या वर्गात घेतलंव, तर हिच्या मावशीकडं ठिवतो, ती हितंच स्टँडमागं ऱ्हाती. न्हाय टिकलं तर मंग हाय आपलं मेंढरामागं."

गिरजा चार-साडेचार वर्षांची असेल. अंगात मोठ्या भावाचा शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेला. केसांना लोकरीचा आणि ताकाचा वास. रडली नाही. उजव्या हाताची मूठ आवळून उभी राहिली. मी करंगळी सोडवली, मग पुढचं बोट. फुटाणा ठेवला. तिनं तो हुंगला, तोंडात टाकला, आणि मग जी काय रडली! रडून झाल्यावर तोच हात पुन्हा पुढं केला. आणखी एक फुटाणा द्यावा लागला.

मोठी एबीसीडी तिला महिन्यात आली. जी तिचा लाडका, कारण तो तुझ्या नावाचा, असं मी सांगितलं होतं. बारकी मात्र काही केल्या डोक्यात शिरेना. तिचं काय, कुणाच्याच शिरत नव्हती. शिरावी तरी कशी? मोठ्या एचा आणि बारक्या एचा एकमेकांशी काय संबंध, हे मलाही सांगता आलं नसतं.

मग येळवस आली, मार्गशीर्षातली वेळ अमावास्या. येळवशीला आमच्या भागात घरं ओस पडतात. सगळा गाव रानात, कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा, आणि मग भज्जी, उंडे, मडक्यातली आंबील. मामांनी मला बोलावलं होतं. पोट फुटेस्तोवर जेवून मी हरभऱ्याच्या बांधावर बसले होते. अंगाला हुरड्याच्या आगटीचा धूर, पलीकडं तुरी वाळत आलेल्या, आणि ऊन कलायला लागलेलं. तेव्हा मेंढरं माघारी आली. दिवसभर कोकरं जाळीच्या कुंपणात कोंडलेली असतात, ती बिरूनं सोडली. काय कालवा उठला! शंभर आया ओरडतायत, शंभर लेकरं ओरडतायत. एवढीशी गिरजा त्या गर्दीत घुसून, चुकलेलं एकेक कोकरू काखेत मारून त्याच्या आईपाशी नेऊन सोडत होती. मेंढी वाकून वास घ्यायची आणि उभी राहायची. कोकरू लुचायला लागायचं. हळूहळू सगळा कालवा विझला, फक्त पिण्याचा आवाज राहिला.

मी विचारलं, "कसं गं ओळखतीस? मला तर सगळ्या सारख्याच दिसतात."

"म्या कुठं वळखती? मेंढी वळखती. वास घेती की."

"आणि चुकली तर?"

गिरजानं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी ढ लेकरांकडं बघते. "चुकंल कशी, बाई? आई हाय ती."

दुसऱ्या दिवशी मी वर्गात कार्डं मांडली आणि सांगितलं, "मोठं अक्षर म्हणजे मेंढी. बारकं म्हणजे तिचं कोकरू. मेंढी आपलं कोकरू ओळखते ना, तसं ओळखायचं." वर्ग एकदम उठून बसला. मेंढ्या सगळ्यांनाच ठाऊक. सीचं कोकरू आईवर गेलंय, हे लगेच ठरलं. ओचंही. जीचं कोकरू कुणावर गेलंय यावर बराच वाद झाला. एक जण म्हणाला, ते शेजाऱ्यांचं असंल. मी पदर तोंडाला लावून हसले. गिरजा उठली, बारका जी उचलला, नाकाशी नेला, मोठ्या जीच्या शेजारी नीट ठेवला आणि म्हणाली, "आपलंच हाय."

त्या दिवसापासून ती एकदाही चुकली नाही. मी कार्डं कशीही पिसली तरी ती दोन मिनिटांत आया आणि लेकरं शेजारी शेजारी बसवायची. कार्ड उचलायचं, नाकाशी न्यायचं, ठेवायचं. मी म्हटलं, सवय आहे पोरीला, फुटाणाही हुंगून खाते. बाकीची लेकरंही तिचं बघून कार्डं हुंगायला लागली आणि शिंकायला लागली. ते दोन महिने माझ्या नोकरीतले सर्वांत आनंदाचे होते, हे मी आज अगदी सरळ सांगते. गिरणी चालायची, पीठ उडायचं, आणि पिठात लेकरं एकमेकांना ओरडून सांगायची, डीचं कोकरू पळालं, धरा धरा.

फाल्गुनात पालकांचा दिवस ठरला. वरच्या वर्गात कोण जाणार ते त्याच दिवशी मॅडम ठरवणार होत्या. मॅडमनी सोलापूरहून नवीन कार्डं मागवली. छापील, गुळगुळीत, प्लास्टिकची. "ती पत्रिकांची कार्डं नकोत हं पाहुण्यांसमोर," त्या म्हणाल्या. मला वाईट वाटायला हवं होतं. उलट बरं वाटलं. आपल्या घरच्या फाटक्या सतरंजीची पाहुण्यांसमोर वाटावी, तशी मला माझ्या कार्डांची लाज वाटत होती.

दारात लहानसा मांडव घातला होता. पालक सतरंजीवर, मॅडम खुर्चीत, बिरू सगळ्यात मागं, मांडवाच्या खांबाला धरून. धुतलेलं धोतर नेसून आला होता. गिरजाचं नाव मी मुद्दाम पहिलं घेतलं. माझा हुकमी पत्ता होता ती.

तिनं एक कार्ड उचललं. नाकाशी नेलं. खाली ठेवलं. दुसरं उचललं. नाकाशी नेलं, उलटं करून पुन्हा हुंगलं. खाली ठेवलं. तिसरं. सतरंजीवर कुणीतरी खुदकन हसलं. मग सगळेच हसले. मी दबक्या आवाजात म्हटलं, "गिरजा, लाव ना. रोज लावतीस की." ती माझ्याकडं वळली. तिच्या डोळ्यांत एवढा गोंधळ मी कधी पाहिला नव्हता.

"बाई," ती म्हणाली, "ह्यांस्नी वासच न्हाय."

हसू अजून वाढलं. मॅडमनी माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं. आणि मी गिरजाच्या हातातलं कार्ड ओढून घेतलं. "हुंगतीस काय गं जनावरासारखी?" मी बोलले. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. मी मान वर करून बिरूला, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "हिला नाही जमायचं. हिला मेंढरातच राहू द्या."

बिरूनं हात जोडले. "व्हय बाई. तुमी म्हनताव ते बराबर असंल." राग नाही, काही नाही. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. त्यानं काठी उचलली. गिरजा त्याच्यामागून निघाली. रडली नाही. उजव्या हाताची मूठ आवळलेली होती, ती मला दिसली. बरं झालं, भोकाड पसरलं नाही, मांडवात तमाशा झाला नाही, असंच तेव्हा माझ्या मनात आलं. मी पुढचं नाव पुकारलं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी जुनी कार्डं रोजच्यासारखी ट्रंकेत भरायला बसले. वेळ जावा म्हणून जोड्या लावत होते. कार्डं उलटी झाली तेव्हा दिसलं, की प्रत्येक जोडीच्या मागं एकच पत्रिका. अर्धा गणपती इकडं, अर्धा तिकडं. मी एक कार्ड नाकाशी नेलं. हिंग. त्याच्या जोडीचं नेलं. हिंग. हिरवं उचललं. अत्तर. पोरगी दोन महिने अक्षरं बघतच नव्हती. मी सांगितलं तेच करत होती. मेंढी ओळखते तसं ओळखा, असं मीच म्हटलं होतं. सगळ्या वर्गात माझं म्हणणं शब्दशः पाळणारी ती एकटी होती, आणि तिलाच मी जनावर म्हणाले होते.

कार्डं मोजली तर एक कमी भरलं. बारका जी नव्हता. कपाट, सतरंजी, खिडकीची फळी, सगळं बघितलं. मग आवळलेली ती मूठ आठवली. पोरीनं आपल्या नावाचं कोकरू चुरगळून मुठीत नेलं होतं.

तेव्हाच उठून मामांच्या शेतात जायला हवं होतं. फार लांब नाही, चालत अर्धा तास. उद्या जाऊ म्हटलं. रविवारी घरमालकिणीकडं पापड लाटायचे होते, तिथं गेले. सोमवारी शाळा सुटल्यावर शेतात पोचले तेव्हा मेंढरं नव्हती. जमिनीवर लेंड्यांचे काळे चौकोन होते, तीन दगडांची चूल होती, राख गार होती. पाडव्यापर्यंत थांबणार होते ना, म्हणून मामांना विचारलं. मामा म्हणाले, "कशाला थांबत्यात? पोरीसाठीच थांबला हुता त्यो." स्टँडमागच्या मावशीला गाठलं. ती म्हणाली, चिठ्ठी द्या, कुणाबरोबर तरी पाठवते. लिहून आणते म्हटलं, आणि लिहिली नाही. काय लिहायचं, हे ठरेचना. आणि वाचणार कोण होतं तिथं? मे महिन्यात नवऱ्याची बदली झाली, आम्ही धाराशिवला आलो. नर्सरी नव्या इमारतीत गेली आणि ट्रंक माळ्यावर गेली. सगळी कारणं खरी आहेत. त्यातलं एकही पुरेसं नाही.

पुढं मी बालवाडीच्या बायांना शिकवायला लागले. अक्षरं कशी शिकवावीत, यावर माझं बोलणं लोक आवडीनं ऐकतात. त्यात गिरजा दर वेळी येते. माझी चूक मी सांगते, आणि मग शेवटी सांगते, की जाताना त्या पोरीनं बारका जी मुठीतून नेला. "इतकं होऊनही तिचं अक्षरावर प्रेम होतंच," असं म्हणते. एखादी डोळे पुसते. मलाही बरं वाटतं. खरं म्हणजे त्यासाठीच सांगत असणार मी. कुठंतरी रानात, एखाद्या पिशवीत, ते कार्ड असेल, कधीतरी तिनं ते काढून बघितलं असेल, शाळेतलं काहीतरी तिच्याजवळ आहे, या भरवशावर मी इतकी वर्षं झोपले.

मामा शेजारी पाटावर बसून कार्डं उलटून बघत होते. एक पान त्यांनी डोळ्यांजवळ नेलं. "ही आमच्या सुमनची पत्रिका न्हवं का?" मी बघितलं. पुढच्या बाजूला मोठा जी होता. जोडी नसलेला. मी तो नाकाशी नेला. पूर्वी त्याला पिठाचा वास असणार. आता लोखंडाचा. दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. हिंग नाही, अत्तर नाही, धूर नाही. सगळ्या आयांना आणि सगळ्या लेकरांना एकच वास, ट्रंकेचा.

"दुसरं पान कुठं गेलं म्हनायचं?" मामा म्हणाले. लेकीची पत्रिका पुरी बघायची होती त्यांना. त्यांनी ट्रंक तिरकी केली, तळाला अंथरलेलं वर्तमानपत्र ओढून काढलं. ते पार कुजलं होतं, हातात तुकडे आले. आणि त्याच्याखालून, पत्र्याला चिकटून बसलेलं एक पान त्यांनी नखानं सोडवलं. "हे बगा. घावलं." मामांनी दोन्ही पानं शेजारी ठेवली. सुमनचं नाव आणि जावयाचं नाव जुळलं. ते खूश झाले.

मी ते पान उलटं केलं. बारका जी.

"का वो बाई? घावलं तर तोंड का उतरलं?"

गिरजानं काही नेलं नव्हतं. माझ्या शाळेतून, माझ्याकडून, एक कागदसुद्धा नाही. तिच्या त्या मुठीत काहीच नव्हतं. आणि लेकरू मूठ कशासाठी आवळतं, हे त्या मांडवात फक्त मला ठाऊक होतं. पर्स माझ्या खांद्याला होती, डबीत फुटाणे होते. चार पावलं टाकायची होती आणि करंगळीपासून सुरुवात करायची होती. मी पुढचं नाव पुकारलं.